आत्याला ढेकूण चावत नाहीत

माझ्या लग्नाचं घोडं पेंड खात होतं ते आत्याच्या बैठकीतल्या एका तांबड्या मखमली खुर्चीपाशी. पण खुर्चीच्या आधी आत्या सांगायला हवी, कारण न्येंडोत, म्हणजे आमच्या गावात, आमच्या घरातल्या कुठल्याही मुलीला आत्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

पुल्केरिया नाब्बोसा ही माझ्या बाबांची थोरली बहीण. विधवा, मूलबाळ नाही, आणि भाच्या सहा. उंची अशी की दारातून आत येताना मान झुकवते, आणि तेवढीच काय ती झुकवते. मंडईच्या मागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर. सुताचे पांढरे रुमाल आणि मेजपोस विणून विकते. तिच्या स्वतःच्या घरात तर कपाट, रेडिओ, पाण्याचा माठ, भिंतीवरची मरियम, सगळ्यांच्या डोक्यावर विणलेले रुमाल. एकदा मी जरा जास्त वेळ एका जागी उभी राहिले तर मलाही घालील की काय, अशी भीती वाटली होती.

आमच्याकडे मुलगी बापाची असली तरी तिचं लग्न आत्याचं असतं. मुलगा आधी आत्याकडे येतो. साखर, साबण, पाव, मटण घेऊन येतो, बसतो, आत्या विचारील त्याला उत्तरं देतो. पसंत पडला तर त्याचं पत्र आत्या बापाकडे पोचवते आणि पुढच्या मोठ्या समारंभाची तारीख निघते. नाही पडला तर पत्र परत. बाप 'का' म्हणून विचारतसुद्धा नाही. माझे बाबा तर आत्यासमोर खोकायचं झालं तरी बाहेर जाऊन खोकतात.

बरं, लग्न झालं म्हणजे सुटलो असंही नाही. लग्नानंतर आठव्या दिवशी आत्या मुलीच्या नव्या घरी हजर. हातात बॅटरी, केसात एक लांब आकडा, आणि पिशवीत ओला साबण. लेओकादियाच्या, म्हणजे माझ्या सगळ्यात थोरल्या बहिणीच्या घरी मी तिच्याबरोबर गेले होते. बिचारीनं शेंगदाण्याचं कालवण करून ठेवलं होतं, केळीच्या पानात मटोके, म्हणजे आमची कच्ची केळी, वाफत होती. आत्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आधी पलंग," ती म्हणाली.

नवरा अंगणात जाऊन कोंबड्या बघत उभा राहिला. आत आत्यानं गादी उलथी केली, शिवणीवरून बोट फिरवलं, पलंगाचे सांधे हुंगले. खरंच हुंगले! मग मला म्हणाली, "तेओ, इकडे ये, शिकून घे. ढेकूण शोधायला जाशील तर जन्मात सापडायचा नाही. तो कागदाएवढा चपटा असतो, स्क्रूच्या भोकात संसार थाटतो. तो झोपतो तेव्हा तू जागी, तू झोपतेस तेव्हा तो जागा. त्याची शाई शोधायची. हे बघ."

गादीच्या काठाला काळे ठिपके होते. बॉलपेनचं टोक कुणी चार-पाच वेळा टेकवावं तसे. मी ते धुळीचे म्हणून सोडून दिले असते. आत्यानं केसातला आकडा काढला, पलंगाच्या फटीत घातला, आणि बाहेर काढला तर त्याच्यामागून एक तांबूस जीव धावत सुटला. आत्यानं ओला साबण त्याच्यावर असा टेकवला की तो साबणाला चिकटूनच वर आला.

लेओकादिया रडायलाच लागली. "आत्या, अगं, मी रोज झाडते, पुसते..."

"झाडण्यानं काय होतंय? ढेकणाला घाण नको असते, माणूस हवा असतो. राणीच्या महालातही राहील तो." मग तिनं बाहेर जाऊन जावयाला उकळतं पाणी ठेवायला लावलं. भाच्यांच्या घरातला एकही ढेकूण आत्याच्या नजरेतून कधी सुटला नाही. डोळ्यांत तेल घालून बघायची. बायका तिला लांबून न्यायला यायच्या, तेही गुपचूप. कारण घरात ढेकूण झालेत हे आमच्याकडे कुणी उघड सांगत नाही. नवरा पळाला हे परवडलं.

आणि स्वतःच्या घराचं? "माझ्या घरात ढेकूण नाहीत," आत्या म्हणायची. "असते तर मला चावले नसते?" तिच्या अंगावर खरंच एक पुळी नसायची. कातडी चकचकीत, जांभळ्या वांग्यासारखी. तिच्या लोखंडी खाटेचे चारही पाय रॉकेलच्या डब्यांत उभे. यापुढे कोण काय बोलणार?

तर आता खुर्ची. एका बदली होऊन गेलेल्या हेडमास्तरांकडून आत्यानं ती जुनी म्हणून घेतली होती. लाकडी कोरीव हात, तांबडी मखमल, आणि अर्थातच मखमलीवर चार पांढरे रुमाल. त्या खुर्चीत फक्त मुलगी मागायला आलेला मुलगा बसायचा. आम्ही बायका चटईवर बसतो, आत्याही चटईवरच. दुपारी ती त्याच चटईवर, खुर्चीच्या पायाशी, रेडिओ लावून आडवी व्हायची आणि मरणाच्या बातम्या ऐकत ऐकत झोपून जायची. खुर्चीत कधी बसली नाही.

गोंझागा आला तो एका शनिवारी दुपारी. माझा गोंझागा, कॉफीच्या गिरणीत तोलारी करणारा, हसला की डावा गाल आत जाणारा. पांढरा शुभ्र पायघोळ कान्झू घातलेला, वर कोट. मी आणि माझी चुलत बहीण स्पेसिओझा चटईवर खाली मान घालून बसलो होतो. स्पेसिओझा आमच्यात सगळ्यात विनोदी. आत्याच्या घरासमोरच्याच ओट्यावर तिचं शिवणयंत्र. तिनं मला आधीच बजावलं होतं, "हसायचं नाही हां. हसलीस तर मी तुझं पोलकं उसवीन."

पहिली दहा मिनिटं झकास गेली. मग आत्यानं विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आई, आणि दोन..." गोंझागा म्हणाला, आणि एकदम डावीकडे कलला.

"दोन काय?"

"दोन भाऊ." तो आता उजवीकडे कलला.

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. त्याचा एक हात पाठीकडे जायला निघाला, अर्ध्यात थांबला, आणि शहाण्यासारखा मांडीवर परत आला. कपाळावर घाम. पाय एकमेकांवर घासले. आत्या त्याच्याकडे शांतपणे बघत होती. स्पेसिओझानं मला कोपरानं ढोसलं, "याला बाहेर जायचंय वाटतं!" मी ओठ चावले.

"आणि याआधी," आत्यानं विचारलं, "कुणा मुलीला शब्द दिला होतात?"

"नाही!" गोंझागा ओरडला, आणि खुर्चीतून वीतभर उडाला.

झालं. तो 'नाही' एवढ्या उंचीवरून आला की त्यावर कोण विश्वास ठेवणार? गोंझागा आणखी पाऊण तास तसाच डोलत बसला आणि मग उठून गेला. आत्यानं त्याचं पत्र उघडलंसुद्धा नाही.

"हा नको," ती म्हणाली.

"आत्या, पण का?"

"जो माणूस एका खुर्चीत तासभर नीट बसत नाही, तो एका बायकोपाशी जन्मभर बसेल? पुढच्या शनिवारी पत्र परत पाठवते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण गुडघ्यावर बसून 'बरं, आत्या' म्हटलं. बाहेर आल्यावर स्पेसिओझा म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या लुडोविकोलाही असंच म्हणाली होती. दोन वर्षांपूर्वी. 'अंगात खोट असल्याशिवाय माणूस असा वळवळत नाही.'" ती हसली, पण त्या हसण्यात तिचा नेहमीचा मसाला नव्हता. लुडोविको मोटारसायकली दुरुस्त करायचा. पत्र परत गेल्यावर तो महिनाभर तिच्या ओट्यासमोरून जायचा, मग जायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर मी गोंझागाला गिरणीच्या मागे गाठलं.

"काय नाचत होतास रे? माझ्या आत्यापुढं?"

मी त्याच्या शर्टाची बाही वर केली. दंडावर गांधी उठल्या होत्या, लालभडक, तीन एका ओळीत, मग जरा जागा सोडून परत तीन.

"डास," तो म्हणाला.

"डास कधीपासून पंगत मांडून जेवायला लागले?"

"तेओ, हळू बोल."

"ढेकूण होते! खुर्चीत ढेकूण होते, आणि तू बोलला नाहीस?"

"काय बोलणार होतो?" तो कळवळून म्हणाला. "मुलगी मागायला गेलेल्या माणसानं म्हणायचं, आत्याबाई, तुमच्या घरात ढेकूण आहेत? त्यापेक्षा लग्नावाचून मेलेलं बरं."

"तू मर एकटा, मला नाही मरायचं," मी म्हटलं. आणि त्याच्या गांधी बघून मला हसू फुटलं. किती थांबवावं, थांबेचना. तोही हसायला लागला, आणि हसता हसता दोन्ही हातांनी पाठ खाजवायला लागला. काय सुख दिसलं त्याच्या तोंडावर! आदल्या दिवसाचं सगळं साठलेलं खाजवून घेत होता बिचारा.

म्हणजे मला शनिवारच्या आत एक ढेकूण हवा होता. एकच. जिवंत. आमच्याकडे लोक लग्नासाठी मुलीच्या बापाला द्यायला गाई शोधतात.

बुधवारी मी आत्याकडे गेले, मदतीच्या निमित्तानं. ती माठ घासत होती तेवढ्यात मी तिची गादी उलटली, उशा उसवल्यासारख्या चाचपल्या, खाटेच्या सांध्यांत नाक घातलं. काही नाही. चकाचक.

"काय शोधतेस?" आत्या दारात उभी.

"कानातलं पडलं, आत्या."

मग काय विचारता! आत्यानं बॅटरी काढली. माझं न पडलेलं कानातलं शोधायला आम्ही दोघींनी दोन तास घरात आकाशपाताळ एक केलं. खाट हलवली, पेटी हलवली, मरियमची तसबीर उतरवून मागे बघितलं. मला आशा होती की कानातल्याच्या शोधात एखादा ढेकूण तरी हाती लागेल. पण एक झुरळसुद्धा निघालं नाही. खुर्चीपाशी आल्यावर आत्यानं रुमाल झटकले, गादीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "इथं कसं असेल? इथं तू कधी बसतेस?" शेवटी मी दोन्ही कानांना हात लावून म्हटलं, "अगबाई, कानातच होतं!" आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता माझ्यासाठी वेड्यांचा डॉक्टर शोधायला बॅटरी घेऊन निघणार.

घरी येऊन विचार केला. आत्याच्याच शाळेत शिकले होते ना मी! ढेकणाला माणूस हवा असतो. आणि खुर्चीत माणूस कधी बसतो? मुलगा बघायचा असेल तेव्हाच. मग ते जगतात कशावर? तर दुपारी खुर्चीच्या पायाशी झोपणाऱ्या आत्यावर! रॉकेलच्या डब्यांत उभ्या खाटेवर ती रात्रभर सुखरूप, आणि दुपारी चटईवर ताट वाढलेलं. म्हणून तर या ढेकणांची जेवायची वेळ दुपारची झाली होती. काही लोकांच्या कातडीवर ढेकणाच्या चाव्याचा मागमूस उठत नाही, आणि आमची आत्या अशी भाग्यवान. तिला चावत नव्हते असं नाही. तिला कळत नव्हतं. कळायचं ते फक्त खुर्चीत बसणाऱ्या मुलांना, आणि ती बोलणार कशी?

म्हणजे कुणीतरी त्या खुर्चीत दुपारी बसायला हवं होतं. चटईवर ढेकूण पकडून पुरावा कसला मिळणार? आत्या म्हणाली असती, बाहेरून आणलास. आम्हा मुलींना त्या खुर्चीला फडकं मारण्यापलीकडे परवानगी नव्हती. पण शनिवार तोंडावर आला होता.

शुक्रवारी दुपारी आत्या रुमाल द्यायला मंडईत गेली. किल्ली माठाखाली असते. मी आत शिरले, पडदे ओढले, रुमाल बाजूला केले आणि तांबड्या मखमलीवर बसले. आईशप्पथ, काय मऊ होती! मुलगे उगाच नाही उड्या मारत येत, असं वाटलं. हातात ओला साबण घेऊन मी वाट बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही नाही. हललं की ते येत नाहीत, म्हणून दगडासारखी बसले. दगडासारखी बसले की मला झोप येते. ही माझी लहानपणापासूनची खोड आहे, शाळेत त्यासाठी छड्या खाल्ल्यात.

जाग आली ती मांडी पेटल्यासारखी झाल्यामुळं. परकर वर करून बघते तर ओळीत तीन! दंडावर दोन! मी आनंदानं किंचाळले. "चावले! चावले!" आणि साबण घेऊन खुर्चीवर उलटीसुलटी पडून त्यांना शोधायला लागले. एक नाही. सगळे जेवून घरी. चावताना कळत नाही, कळतं तेव्हा ते गेलेले असतात, आणि गेलेले कुठं असतात ते देवालाच ठाऊक.

आणि त्याच क्षणी दार उघडलं.

आता चित्र बघा. मुलगा बघायच्या खुर्चीत भाची, पाय वर, परकर गुडघ्यावर, हातात साबण. दारात पुल्केरिया नाब्बोसा.

"तेओपिस्ता."

मी धपकन खाली गुडघ्यावर आले. आणि मग म्हटलं, आता बुडालेच आहे तर पूर्ण बुडू. "आत्या, या खुर्चीत ढेकूण आहेत. गोंझागा म्हणून उडत होता. बघ, मलाही चावले."

आत्यानं पिशवी खाली ठेवली. तिचं नाक फुगलं, आणि मी ओळखलं की आता वादळ. "माझ्या घरात?" ती म्हणाली. "तीस वर्षं मी लोकांच्या घरातले ढेकूण काढते. मला चावत नाहीत, तुला बरे चावतात? बसमधून आणले असशील. त्याच्या खोलीतून आणले असशील!"

"आत्या!"

"मग दाखव. एक दाखव. एक जिवंत ढेकूण दाखव, आत्ताच्या आत्ता पत्र तुझ्या बापाकडे जाईल." तिनं अंगातल्या पायघोळ गोमेसीच्या कंबरपट्ट्यातून ते पत्र काढून माझ्या नाकापुढं नाचवलं. उद्या परत पाठवायचं म्हणून तिनं ते कंबरेलाच बाळगलं होतं. "नाही दाखवलास तर आजपासून मी तुझी आत्या नाही. दुसरी शोध."

मी खुर्चीवर तुटून पडले. रुमाल काढले, गादी काढली, खुर्चीचे हात मागं-पुढं खरवडले, नखं मोडली. काही नाही. मला रडूच फुटलं. ते पत्र परत गेलं असतं म्हणजे गोंझागा गेला असता. तो काही दुसऱ्यांदा त्या खुर्चीत बसायला आला नसता, आणि आत्या दुसऱ्या जागी बसवायला तयार झाली नसती.

"सरक," आत्या म्हणाली. "तुला शोधता येत नाही. नाही ते नीट दाखवून देते तुला."

तिनं खुर्ची आडवी पाडली, बॅटरी लावली आणि गुडघ्यावर बसून खालच्या तागाच्या पट्ट्यांकडे बघायला लागली. सवयीनं बोट फिरवलं. मागच्या पायाचा सांधा हुंगला. मी डोळे पुसत तिच्याकडे बघत होते. सांध्यापाशी तिचं बोट थांबलं.

मग तिनं बॅटरी विझवली.

मला काहीच दिसलं नव्हतं. ती 'नाही' म्हणाली असती तर मी पाया पडून घरी गेले असते, आणि जगात कुणालाही कधी कळलं नसतं. ओढलेल्या पडद्यांच्या अंधारात तिचा श्वास ऐकू येत होता. एक मिनिट गेलं असेल, मला फार लांब वाटलं.

बॅटरी परत लागली. "साबण दे," आत्या म्हणाली.

तिनं केसातला आकडा काढला आणि पायाच्या खुंटीच्या भोकात घातला. एक निघाला. मग दुसरा. मग तिनं तागाची पट्टी उचकटली, आणि अहो, तिथं गावच वसलेलं! म्हातारे, तरणे, मिठाच्या कणाएवढी अंडी, पाण्यासारखी पारदर्शक पोरं, टाकून दिलेल्या कातड्या. आजूबाजूच्या लाकडावर शाईच शाई, पण लाकूडच काळं, त्यामुळं दिसणार कशी? वर चार पांढरे रुमाल रोज धुतलेले, खाली हा कारभार.

"सापडले!" मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, लाज वाटायला हवी होती. "आत्या, सापडले!"

आत्या टाचांवर बसली. मग तिच्या पोटातून काहीतरी वर आलं, आधी खोकल्यासारखं, मग मोठ्यानं. ती हसत होती! सबंध देह हलत होता. "अगं, तो पोरगा..." ती म्हणाली, "एवढी फौज खालून तोडत होती, आणि तो म्हणतो, आई आणि दोन... दोन..." आम्ही दोघी एकमेकींना धरून हसलो. "तासभर बसला गं! हूं की चूं केलं नाही! आत्याचं नाक कापलं जाऊ नये म्हणून बसला. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. घे हे पत्र, घे, आणि..." ती परत हसली. "तासभर! आणि तो लुडोविको तर..."

ती थांबली.

मीही थांबले.

"तो दीड तास बसला होता," आत्या म्हणाली.

तिनं पत्र परत कंबरपट्ट्यात खोचलं. ते मला द्यायचं राहूनच गेलं, आणि मला मागायचं सुचलं नाही. ती उठली. ती खुर्ची उचलायला दोन माणसं लागतात, पण तिनं एकटीनं उचलली, मान झुकवून दारातून बाहेर नेली आणि गल्लीच्या मधोमध उन्हात आपटली. मंडईच्या मागची गल्ली ती, शुक्रवारची दुपार, अर्धं न्येंडो रस्त्यावर. भाड्याच्या मोटारसायकली चालवणारे बोडावाले, केळीवाल्या, शाळा सुटलेली पोरं.

"ऐका रे!" आत्या ओरडली. "पुल्केरिया नाब्बोसाच्या घरात ढेकूण आहेत! या, बघा! वर्षानुवर्षं आहेत, आणि मला कळलं नाही!"

एक बोडावाला थांबला. केळीवाली तोंडावर हात घेऊन उभी. असं कुणी ओरडतं का कधी? घराला आग लागली तर ओरडतात. मी धावत जाऊन म्हटलं, "आत्या, पुरे, आत चल." तिनं माझा हात झटकला.

समोरच्या ओट्यावरचं शिवणयंत्र थांबलं. स्पेसिओझा गळ्यात मोजपट्टी अडकवून पायऱ्या उतरली. "काय झालं?" ती हसत म्हणाली. "कुणाचं लग्न मोडलं?"

"तुझं," आत्या म्हणाली. आणि रस्त्यावर, धुळीत, स्पेसिओझासमोर गुडघ्यावर बसली.

आमच्याकडे लहानानं मोठ्यासमोर गुडघे टेकायचे. मोठं माणूस कधी लहानासमोर बसत नाही, आणि चुकून बसलंच तर लहानानं पटकन त्याच्याही खाली जायचं असतं. चार वर्षांच्या पोरीलाही हे कळतं. सगळी गल्ली स्पेसिओझा खाली जायची वाट बघत होती.

स्पेसिओझा गेली नाही. ती उभी राहिली.

"लुडोविको याच खुर्चीत बसला होता," आत्या म्हणाली. "त्याच्या अंगात खोट नव्हती, पोरी. खुर्चीत होती. चावले ढेकूण, पण घालवला मी."

लुडोविकोचं मागच्या वर्षी कालुंगू गावाकडं लग्न झालं होतं. त्याला मुलगी झाली हे स्पेसिओझानंच मला सांगितलं होतं, हसत हसत, आणि मी तेव्हा तिच्या हसण्यावर विश्वास ठेवला होता.

"दोन वर्षं," स्पेसिओझा म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "दोन वर्षं मी विचार करतेय, आत्या, की मी अशा वळवळणाऱ्या माणसाला जीव कसा लावला. म्हणजे माझ्यातच काहीतरी वाईट असणार. मग मी विनोद करत राहिले."

आत्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलंही नाही. मला तिला उठवावंसं वाटत होतं, आणि स्पेसिओझाच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं, आणि यातलं काहीच न करता मी साबण हातात धरून उभी होते.

"तेओच्या पत्राचं काय केलंस?" स्पेसिओझानं विचारलं.

"देते. जाऊन देते तिच्या बापाला."

"नाही. आधी पत्र तिच्या हातात दे," स्पेसिओझा म्हणाली. "मग ऊठ."

अख्ख्या न्येंडोत आत्याला कुणी कधी हुकूम केला नव्हता. आत्यानं कंबरपट्ट्यात हात घातला, गोंझागाचं पत्र काढलं, आणि गुडघ्यावरून न उठताच दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं.